लिनक्स आणि लोकपरीक्षा

आपल्या भागात महिना कळतो पंचांगाने आणि आठवडा कळतो बाजाराने. सातारा शहरात तर वार पेठांच्या नावांतच वसलेले आहेत. बाजाराच्या दिवशी माल येतो. गिऱ्हाईक तो उलटासुलटा करून पाहते, वांगे किडके निघाले तर पुढच्या बाजारी त्याच विक्रेत्यापुढे उभे राहून चार शब्द सुनावते, आणि विक्रेताही पुढच्या खेपेस जरा जपून माल आणतो. हा व्यवहार इतका जुना व इतका परिचयाचा आहे की, त्यात काही तत्त्व दडले असेल असे आपल्या मनातही येत नाही. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकाच्या जगात एक मोठी घडामोड झाली, आणि तिचा इतिहास पाहू लागले म्हणजे हाच बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. तो इतिहास लिनक्सचा होय. संगणकशास्त्राचे अध्यापन करण्याचा आमचा हेतू नाही. जी वस्तू आपल्या खिशात व आपल्या बँकेत येऊन बसली आहे, तिची पारख कोण करतो, एवढाच प्रश्न आम्हांस या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम वस्तू कोणती ते सांगितले पाहिजे. संगणक हे नुसते यंत्र आहे. त्याच्याकडून काम करवून घेणारा जो कारभारी आत बसलेला असतो, त्यास कार्यप्रणाली म्हणतात. कोणत्या कामाला किती वेळ द्यावयाचा, कोणाला कोणत्या कोठीची किल्ली द्यावयाची, हे सारे तो ठरवितो. लिनक्स हा या कारभाऱ्याचा गाभा आहे. आज हातोहाती दिसणारे अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर उभे आहेत, आणि जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशे महासंगणकांच्या यादीतील सगळेच्या सगळे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. म्हणजे ज्याने लिनक्स हे नाव कधी ऐकले नाही, तोही दिवसातून अनेक वेळा त्याच्या हाताखालून जात असतो.

या गोष्टीचा आरंभ एका कंपनीत झाला नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असा संकल्प सोडला की, कोणालाही वापरता येईल, उघडून पाहता येईल, सुधारता येईल आणि दुसऱ्यास देता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली रचावयाची. तिचे नाव त्यांनी ग्नू असे ठेविले. आठ वर्षांत तिचे बहुतेक अवयव तयार झाले, पण गाभा काही सिद्ध होईना. ती उणीव फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भरून काढली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहोत असे जाहीर केले, आणि लोकांना त्यात काय हवे व काय नको असे विचारले. सप्टेंबरात पहिली आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज ती संख्या तीन कोटींच्या पुढे गेली आहे. १९९२ साली टोरवाल्ड्स यांनी ती ग्नूच्या मुक्त परवान्याखाली आणली, आणि मग जो वापरील तो परीक्षक आणि जो परीक्षक तो भागीदार, असा क्रम सुरू झाला.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. त्या काळी सॉफ्टवेअर तयार करण्याची मान्य रीत अशी होती की, मोजक्या जाणत्यांनी बंद दाराआड वर्ष-दोन वर्षे काम करावे, सर्व चुका काढाव्यात आणि मगच ते लोकांपुढे ठेवावे. मूर्तिकार पडद्याआड मूर्ती घडवितो तशी ही रीत. टोरवाल्ड्स यांनी पडदाच लावला नाही. अर्धे झाले तरी लोकांपुढे ठेविले, आणि दुरुस्ती आली की दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेविले. १९९७ साली एरिक रेमंड यांनी या दोन रीतींची तुलना करणारा निबंध वाचला, आणि पहिलीस चर्चची व दुसरीस बाजाराची उपमा दिली. पाहणारे डोळे पुष्कळ असले म्हणजे चूक फार काळ लपून राहत नाही, असे त्या निबंधाचे सार होते. हे कितपत खरे, ते पुढे पाहू.

नुसता गाभा घेऊन सामान्य माणसाला काही करता येत नाही. पीठ, तेल, मीठ निरनिराळ्या गावांहून आणावयाचे तर स्वयंपाक कधी व्हावयाचा? म्हणून गाभा आणि त्याबरोबर लागणारी शेकडो सॉफ्टवेअरे एकत्र बांधून देणारे निघाले. या गाठोड्यास वितरण असे म्हणतात. १९९३ साली स्लॅकवेअर निघाले, आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. पुढे रेड हॅट आले, २००३ साली त्यातून फेडोरा निघाले, २००४ साली उबुंटू आले. ही वितरणे चालविणाऱ्यांत पगारी माणसे आहेत, पण त्यांच्याहून मोठा भाग स्वयंसेवकांचा आहे. आपल्याकडे एखाद्याची नांगरट मागे पडली म्हणजे सारा गाव बैल घेऊन जातो आणि एका दिवसात शेत नांगरून देतो. त्यास इर्जिक म्हणतात. लिनक्सचे वितरण ही जगभराची इर्जिक होय.

ही इर्जिक आपल्या मुलखात कशी पोचली? १९९० नंतरच्या दशकात इंटरनेट फार थोड्यांच्या घरी होते, आणि टेलिफोनच्या तारेवरून एवढे मोठे गाठोडे उतरवून घेणे अशक्यप्राय होते. त्या वेळी १९९६ साली ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाटावयास प्रारंभ केला. या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. त्यांचा जन्म बर्लिनचा, पण शिक्षण झाले बेळगावात, आणि कर्मभूमी झाली बंगळूर. तेथे २००१ पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांचे मोठे मेळावे भरविले. २०१३ साली त्यांचे निधन झाले. २००५ पासून २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी मागणी करणाऱ्यास टपालाने फुकट येत असत. परदेशातून आलेले ते पाकीट अनेक घरांत मोठ्या अपूर्वाईने फोडले गेले असेल. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे लिनक्स वापरणाऱ्यांचे मंडळ आहे. विश्रामबागेतील हे महाविद्यालय १९४७ साली स्थापन झाले. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या संस्थेत मुक्त सॉफ्टवेअरचा पाठ चालावा, हा योग आम्हांस सुखद वाटतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. काम वाढले, माणसे हजारोंनी वाढली, तेव्हा या बाजाराला शिस्त लागणे प्राप्त होते. ती शिस्त आठवड्याने लावली. २००५ पासून लिनक्सच्या गाभ्याचा क्रम असा ठरला आहे: नवी आवृत्ती सुरू झाली की पहिले दोन आठवडे नवा माल स्वीकारावयाचा, मग दार बंद. त्यानंतर दर रविवारी टोरवाल्ड्स एक परीक्षणाची प्रत बाहेर सोडतात. जगभरचे लोक ती आपापल्या यंत्रावर चढवून पाहतात आणि काय बिघडले ते कळवितात. पुढच्या रविवारी दुरुस्त प्रत येते. असे सात-आठ रविवार गेले म्हणजे आवृत्ती पक्की होते. जुन्या पक्क्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्या निराळ्या. त्या बहुधा दर आठवड्याला निघतात, आणि निघण्यापूर्वी सुमारे दोन दिवस लोकांपुढे तपासणीस ठेविल्या जातात.

वितरणांनीही आपापल्या चाळण्या बसविल्या. डेबियनमध्ये नवे सॉफ्टवेअर प्रथम जेथे येते त्या विभागाचे नाव ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या पोराचे हे नाव आहे, म्हणजे येथे मोडतोड व्हावयाचीच, असा इशारा नावातच दिलेला आहे. तेथे काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तर ते ‘टेस्टिंग’ या दुसऱ्या विभागात जाते. हा विभाग डिसेंबर २००० मध्ये सुरू झाला. तेथून पुष्कळ काळाने ते पक्क्या विभागात उतरते. फेडोरात नवा अपडेट सर्वसाधारणपणे सात दिवस परीक्षणाच्या कोठीत राहतो. ज्याची इच्छा असेल त्याने तो घ्यावा, वापरावा आणि चालला तर अनुकूल, बिघडला तर प्रतिकूल मत नोंदवावे. अनुकूल मते पुरेशी पडली तर मुदत कमी होते. प्रतिकूल पडली तर माल परत जातो. ओपनसुसे वितरणाच्या ‘टंबलवीड’ शाखेत तर आधी यंत्रच यंत्राची परीक्षा घेते, आणि ती पास झाल्यावर माल लोकांकडे येतो.

या सर्व व्यवस्थेत परीक्षकाचे काम कोणते? त्याला ओळी लिहिता आल्याच पाहिजेत असे नाही. त्याने आपले रोजचेच काम करावयाचे, पण डोळे उघडे ठेवून. छपाई होते का, आवाज येतो का, झोपविलेला संगणक जागा होतो का, हे पाहावयाचे, आणि न झाल्यास काय केले असता काय झाले हे नीट लिहून कळवावयाचे. सांगली जिल्ह्यातील लोकांस ही गोष्ट नवी वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर पडून राहिले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराची खरी परीक्षा कारखान्याच्या आवारात होत नाही. ती काळ्या जमिनीत, ज्याचे बैल त्याच्या हाती होते. सॉफ्टवेअरचेही तसेच. करणाऱ्याच्या यंत्रावर जे सुरळीत चालते, ते दुसऱ्याच्या दहा वर्षे जुन्या यंत्रावर अडखळते. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, परंतु येथे प्रत्येक घरचे शित निराळे.

इतके वर्णन ऐकून कोणास वाटेल की, ही व्यवस्था निर्दोष आहे. तसे सांगणे हे इतिहासाशी बेइमानी होईल. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील एक भयंकर चूक उघडकीस आली. बँका, दुकाने, टपाल यांचे गुप्त संदेश ज्या कुलपाने जगभर बंद होत, त्या कुलपाचे हे सॉफ्टवेअर. चुकीमुळे परक्यास आतील स्मृतीचे तुकडे वाचता येत होते. ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून सर्वांच्या डोळ्यांपुढे उघडी पडली होती, आणि दोन वर्षे कोणी ती पाहिली नाही. मागाहून कळले की, ज्या कामावर जगाचा व्यापार उभा होता, ते काम मूठभर माणसे ओढीत होती, आणि त्यांस वर्षाला देणगी मिळत होती सुमारे दोन हजार डॉलर. डोळे पुष्कळ होते, पण जो तो समजत होता की दुसरा कोणी पाहत असेल. एका राजाने हौदात दूध ओतावयास सांगितले आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला निघाला, ती गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहेच.

तेव्हा दार उघडे ठेवणे वेगळे आणि दारातून आत डोकावणे वेगळे. या भेदाची कसोटी दहा वर्षांनी लागली. एक्सझेड नावाचे माहिती दाबून लहान करणारे एक छोटे सॉफ्टवेअर आहे. जवळजवळ सर्व वितरणांत ते असते. ते सांभाळणारे गृहस्थ, फिनलंडचे लासे कॉलिन, एकटे होते, बिनपगारी होते आणि थकलेले होते. २०२१-२२ च्या सुमारास ‘जिया तान’ या नावाने एक मदतनीस पुढे आला. तो कोण हे अद्याप उलगडलेले नाही. दोन वर्षे त्याने इमानेइतबारे काम केले. दरम्यान इतर काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यामागे टुमणे लावले की, काम उरकत नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. अखेर किल्ल्या त्या मदतनिसाच्या हाती गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती निघाली, आणि तिच्या पोटात चोरदरवाजा बसविलेला होता. ज्याच्याजवळ त्याची गुप्त किल्ली होती, त्याला दूरच्या संगणकात हवे तेव्हा शिरता आले असते.

माल बाजारात आला. डेबियनच्या सिड व टेस्टिंग विभागांत, फेडोराच्या परीक्षणाच्या प्रतीत आणि टंबलवीडमध्ये तो पोचला. पक्क्या आवृत्त्यांत तो अजून उतरला नव्हता. त्याच सुमारास आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक तंत्रज्ञ डेबियन सिडवर आपल्या अगदी वेगळ्या कामाची मोजमापे घेत होते. त्यांच्या ध्यानात आले की, दुरून संगणकात प्रवेश करावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. अर्धा सेकंद! आपण पापणी लवविण्यात तेवढा वेळ घालवितो. दुसऱ्या कोणी ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिले असते. फ्रॉइंड यांनी सोडले नाही. धागा ओढीत ओढीत ते एक्सझेडपर्यंत गेले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्व प्रकार जाहीर केला. वितरणांनी तत्काळ जुनी प्रत परत आणली. आणखी काही महिने गेले असते तर तोच माल जगातील अगणित संगणकांत पक्का होऊन बसला असता.

या प्रसंगाचे दोन अर्थ लावता येतात, आणि दोन्ही खरे आहेत. चोर उघड्या दारातूनच आत आला, हा एक. आणि तो पकडला गेला तोही दार उघडे होते म्हणूनच, हा दुसरा. माल एकदम सर्वांच्या घरी न जाता परीक्षणाच्या कोठीत काही आठवडे थांबला, त्या अवधीत एका चिकित्सक माणसाने तो वापरला, आणि मूळ ओळी पाहण्याचा त्याला अधिकार होता. या तीनांपैकी एक जरी नसते तरी निभाव लागता ना. त्याच वर्षी १९ जुलैला याची उलट बाजूही जगाने पाहिली. क्राउडस्ट्राइक या संरक्षक सॉफ्टवेअरच्या कंपनीने विंडोज यंत्रांसाठी पाठविलेला एक सदोष अपडेट टप्पे न पाडता एकदम सर्वत्र गेला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांस हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. पुढे त्या कंपनीने टप्प्याटप्प्याने अपडेट देण्याची रीत स्वीकारली. आठवडाभर थांबण्याचा कंटाळा किती महाग पडतो, ते एका सकाळीत कळून आले.

कोणी विचारील, हे सारे हेलसिंकीचे आणि अमेरिकेचे झाले, याच्याशी सातारा-सांगलीचा संबंध काय? संबंध फार जवळचा आहे, आणि तो आपल्या भाषेचा आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दोहोंत फरक फक्त र कसा लिहिला याचा. हिंदीला या दुसऱ्या र चे प्रयोजन नाही. आम्हांस आहे. एखाद्या अपडेटमध्ये अक्षरे जुळविणारे सॉफ्टवेअर बदलले आणि हा र बिघडला, तर महाबळेश्वरच्या दऱ्यांचे क्षणात दर्ये होतील, आणि फिनलंडमधील अत्यंत हुशार मनुष्यालाही त्यात काही चुकले आहे हे दिसणार नाही. यंत्राच्या परीक्षेत तर ते पास होईल, कारण यंत्राला जो र शिकविला तोच ते ओळखणार.

हा भयगंड नव्हे. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे आले २००८ साली. तोपर्यंत ‘ॲड’ लिहावयाचा तर जोडाजोड करावी लागे, आणि अनेक ठिकाणी अक्षराऐवजी ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. रुपयाचे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये दाखल झाले. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीहून निराळी, तीही टंकांत जपावी लागतात. २००४ साली रेड हॅटने भारतीय भाषांचे ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याखाली दिले. त्या कंपनीचे पुण्यात मोठे कार्यालय आहे. फेडोरात निरनिराळ्या भाषांच्या परीक्षणाचे खास दिवस पाळले गेले आहेत, आणि लिनक्सवरील पडद्याचे शब्द मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केले आहे. हे काम एकदा करून संपत नाही. वाईच्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. छापील खंडात चूक राहिली तर ती पुढील आवृत्तीपर्यंत तेथेच राहते, पण निदान नवी चूक आपोआप शिरत नाही. सॉफ्टवेअरचे याहून उलट आहे. आज बरोबर असलेला शब्द पुढच्या आठवड्याच्या अपडेटने बिघडू शकतो. म्हणून तेथे मुद्रितशोधकाला सुट्टी नाही.

या कामास कोण लागेल? ज्याला शुद्ध मराठी वाचता येते आणि दिसलेली चूक कळविण्याचा आळस नाही, तो लागेल. निवृत्त शिक्षक चालेल, छापखान्यात जन्म काढलेला जुळारी चालेल, महाविद्यालयातील विद्यार्थी तर चालेलच. घरातील जुना, कामातून गेलेला संगणक या परीक्षणास उत्तम. ज्यावर रोजचे हिशेब आहेत त्या यंत्रावर मात्र पक्की आवृत्तीच असावी, हा व्यवहार सोडू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, नवा अपडेट घ्यावा, मराठीत चार ओळी लिहाव्यात, दऱ्या दऱ्याच राहिल्या आहेत ना ते पाहावे, आणि बिघडले असेल तर स्पष्ट शब्दांत कळवावे.

आम्ही बाजारापासून आरंभ केला होता, तेथेच थांबतो. बाजारात माल फुकट मिळत असला तरी निवडून घेण्याचे कष्ट फुकट होत नाहीत. ते कोणीतरी करतो, म्हणून इतरांच्या ताटात किडके वांगे येत नाही. लिनक्सचा हा बाजार गेली तीस वर्षे आपल्यासाठी दुसऱ्यांनी निवडून ठेविला. मराठीची पाटी मात्र दुसऱ्या कोणाला निवडता येणार नाही. ती आपणच निवडावी लागेल.